कुसुमबाईंचा निळा ठिपका

माझ्याकडे पासपोर्ट नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं मी जर्मनीतल्या ट्रामबद्दल, कॅनडातल्या थंडीबद्दल आणि जपानमधल्या दुधाच्या खोक्याबद्दल अधिकारवाणीनं बोलणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की गडी फार फिरलेला दिसतो. गडी अमरावतीतल्या आठ बाय दहाच्या गाळ्यात फिरलेला आहे. त्याआधी काही वर्षं अकोल्याला रेडिओ आणि घड्याळं उघडून बसायचो. आता मोबाइल उघडतो. हातातला पेचकस तेवढा बारीक झाला.

पण माझं खरं काम दुरुस्तीचं राहिलेलं नाही. मी परदेशी जाणाऱ्यांचे फोन तयार करून देतो. असा काही धंदा असतो हे मलाही माहीत नव्हतं. अमरावतीतल्या शिकवण्यांमधून जी पोरं बाहेर पडली ती आधी पुण्याला गेली, मग समुद्रापलीकडं गेली, तिकडंच संसार मांडून बसली. आता त्यांना मुलं झाली, आणि मुलं सांभाळायला आई हवी. व्हिसा एजंट काढून देतो, बॅग शेजारणी भरून देतात, तिखट-मसाला-पापड सगळं वजन करून जातं. फोनचा मात्र कोणी वाली नसतो. मग पोरांचा मला मेसेज येतो, 'काका, आईच्या फोनमध्ये लागेल ते सगळं टाकून द्या आणि तिला शिकवा.' टाकायला अर्धा तास लागतो. शिकवायला पंधरा दिवस.

लागतं तरी काय, असं लोक विचारतात, म्हणून सांगतो. पहिल्यांदा मी फोन झाडून घेतो. सुप्रभातची हजारभर चित्रं, तीन प्रकारचे टॉर्च, नातवानं टाकलेले गाड्यांचे खेळ, सगळं बाहेर. मग पहिल्या पडद्यावर फक्त पाच चित्रं ठेवतो. एक नकाशाचं. त्या गावाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचा, म्हणजे नेट गेलं तरी वाट दिसते आणि आपण कुठं उभे आहोत ते निळ्या ठिपक्यानं कळतं. दुसरं भाषांतराचं. मराठीत बोला, फोन त्यांच्या भाषेत बोलतो. तिसरं तिथल्या बस-ट्रामच्या तिकिटाचं, चौथं हवामानाचं, कारण आपल्याकडच्या माणसाला आठ डिग्री म्हणजे काय हे बाहेर पाऊल टाकेपर्यंत कळत नाही. पाचवं मेसेजचं, ते सगळ्यांना येतंच.

भाषांतराच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याची एक सोय आहे. परक्या भाषेतल्या डब्यावर कॅमेरा धरला की अक्षरं जागच्या जागी मराठी होतात. एका गिऱ्हाइकाच्या मुलानं जपानहून खोक्याचा फोटो पाठवला होता. दूध की ताक, हे आईला कळेना. मी त्यावर दुसरा फोन धरला. ती उभी-आडवी अक्षरं थरथरली, आणि त्यांच्या जागी 'दूध' असा शब्द येऊन बसला. मी हे आजवर शेकडो वेळा करून दाखवलं असेल. खोटं कशाला बोलू, अजूनही अंगावर काटा येतो. बायको म्हणते, तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवता की स्वतःच पाहत बसता. ती म्हणते ते खोटं नाही, आणि त्याची शिक्षा एकदा मिळायची होती.

आमच्या गल्लीतले एक गुरुजी मुलाकडं कॅनडाला निघाले. त्यांना मी पंचांगाचं ॲप टाकून दिलं. तिथली मराठी मंडळी त्यांना पूजा सांगायला बोलावणार होती, मुहूर्त काढावे लागणार होते. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. आवाज शांत, पण खालचा. म्हणाले, "इथं माझ्यासमोर सूर्य बुडतो आहे आणि तुमचं पंचांग म्हणतं आत्ताच उगवला. संध्या कोणती करू?" मी ॲपमध्ये गाव बदलायचं विसरलो होतो. पंचांग अमरावतीचंच चालू होतं, आणि अमरावतीपुरतं ते बरोबरच होतं. मी फोनवरून गाव बदलायला सांगितलं. गुरुजींनी ते बदललं. मग म्हणाले, चाळीस वर्षं मी सूर्याला अर्घ्य देतो आहे, पण तो एकाच वेळी दोन्हीकडं वेगवेगळं काम करत असतो हे आज पहिल्यांदा मनाला पटलं. मी गल्ल्यावर बसूनच हात जोडले. कोणाला जोडले ते सांगता येणार नाही.

आता कुसुमबाईंचं. हे लिहायचं म्हणूनच खरं तर लिहायला बसलो.

कुसुमबाई वलगावच्या. नवरा गजाननराव, दोन एकर भाजीपाला, विहिरीचं पाणी. पहाटे फुलकोबी, वांगी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाई अमरावतीच्या बाजारात येणार, दहाला मोकळ्या होणार. शिक्षण चौथीपर्यंत, मराठी अक्षर लावून लावून वाचतात. मुलगी रूपाली इंजिनिअर, जर्मनीत नोकरी. जावई अकोल्याचे, तेही तिथंच. नात ईरा दीड वर्षाची. तिला पाळणाघरात जागा मिळेपर्यंत दोन्ही घरांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. व्हिसा तीन महिन्यांचा मिळतो, म्हणून आधी तीन महिने कुसुमबाई, मग तीन महिने अकोल्याच्या विहीणबाई. अशा पाळ्या आता आमच्याकडं घरोघरी लागतात.

माझी शिकवायची एक पद्धत आहे. शेवटच्या दिवशी मी तालीम घेतो. अमरावतीहून एसटीनं अकोल्याला जायचं, मी सांगेन त्या पत्त्यावर पोचायचं आणि परत यायचं. अट एकच, वाट कोणालाही विचारायची नाही, फक्त फोन. वऱ्हाडातल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. आम्ही माहीत असलेला रस्तासुद्धा दोघांना विचारून जातो. कुसुमबाईंना विहीणबाईंचंच घर दिलं. त्या संध्याकाळी परत आल्या, विहीणबाईंनी दिलेली ओटी पिशवीत होती. मी विचारलं, कोणाला विचारलं तर नाही ना? म्हणाल्या, "मी नाई विचारलं, भाऊ. फोन हातात धरून उभी राह्यली का लोकंच इचारत, कुठी जाचं बाई." मी त्यांना पास केलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी कंबरेच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली. मुलीचा पत्ता इंग्रजीत लिहून घेतलेला. म्हणाल्या, ही जवळ ठेवू काय? मी हसलो. म्हणालो, बाई, तुमच्या हातात आता अख्खं जग आहे, कागद कसले बाळगता. पत्ता फोनमध्ये आहे, मुलीचा नंबर फोनमध्ये आहे, सगळं फोनमध्ये आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवून दिली. मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. हे मला चांगलं आठवतं.

दीड महिना झाला होता. दुपारी अडीचचा सुमार, म्हणजे तिकडं सकाळचे अकरा. कुसुमबाईंचा फोन. ईराला बाबागाडीत घालून त्या फिरायला निघाल्या होत्या. रूपालीनं कोपऱ्यावरच्या बगिच्यापर्यंत जायची परवानगी दिलेली, त्यापुढं नाही. पण ट्राममधून येता-जाता त्यांना एक जागा दिसायची. शहराच्या मधोमध छोटे छोटे वाफे, प्रत्येकाला लाकडी कुंपण, आत एवढीशी झोपडी, आणि वाफ्यांत भाजी. तिथली गावं अशा जमिनी लोकांना भाड्यानं देतात, म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यालाही चार कोबी लावता येतात. बाईंनी दीड महिना वावर पाहिलं नव्हतं. त्या ट्राममध्ये बसल्या आणि तिथं उतरल्या. आत शिरल्या, तर गल्ल्यांमागून गल्ल्या, सगळ्या एकसारख्या. आता बाहेरची वाट सापडेना. नकाशातला बाण इकडं तोंड करायचा, तिकडं करायचा. रूपालीला सांगितलं तर ती उद्यापासून घराबाहेर पडू देणार नाही, म्हणून मला फोन.

मी म्हणालो, तुम्ही कुठं आहात ते मला पाठवा. हेही शिकवलेलं होतंच. पाठवलं. आणि माझ्या हातातल्या फोनवर, अमरावतीतल्या माझ्या गाळ्यात, जर्मनीतल्या कुठल्याशा गावाचा नकाशा उघडला. त्यात एक निळा ठिपका होता. मी म्हणालो, दोन पावलं चाला. ठिपका हलला.

मी काय सांगू? बाहेर ऑटोवाले भांडत होते, शेजारच्या हॉटेलात आलुबोंडे तळत होते, आणि माझ्या अंगठ्याखाली वलगावची एक बाई सात समुद्रापलीकडं चालत होती. देव पाहिल्यासारखं झालं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की सरळ जा, दुसऱ्या गल्लीला डावीकडं वळा, फाटक आहे. दोन मिनिटांचं काम. त्याऐवजी मी म्हणालो, बाई, जरा व्हिडिओ लावता का, मला पाट्या दिसतील.

पाट्यांची काही गरज नव्हती. मला ते पाहायचं होतं.

त्यांनी व्हिडिओ लावला. सफरचंदांनी वाकलेली झाडं, खाली पडलेली सफरचंदं, आखून काढल्यासारखे वाफे. पानकोबी एवढी मोठी की बाईंनी शेजारी हात ठेवून दाखवली. मी म्हणालो, ते पाहू, हे पाहू, तो झोपडीवरचा वेल कशाचा? त्याही रंगल्या. सहा-सात मिनिटं आम्ही दोघं त्या बागेत हिंडलो. मग मध्येच त्या म्हणाल्या, भाऊ, बॅटरी लाल झाली, आणि पडदा काळा पडला.

पुन्हा लावला. बंद. वीस वेळा लावला. ती बाई बोलते ती एकच भाषा, ती तिथं कोणाला कळत नाही. बाबागाडीत दीड वर्षाचं लेकरू. पत्ता फोनमध्ये, मुलीचा नंबर फोनमध्ये, सगळं फोनमध्ये, आणि फोन मेलेला. रूपालीचा मेसेज आला होता तो तिच्या बापाच्या फोनवर, त्यांनी तो मला नुसता दाखवला होता, त्यामुळं तिचा नंबर माझ्याकडं नव्हता. गजाननरावांना लगेच सांगायला हवं होतं. पण माझी जीभ रेटेना. सापडेल वाट, पाच मिनिटांनी लागेल फोन, असं म्हणत मी अर्धा तास नुसता बसून काढला. त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते. मग गजाननरावांना फोन लावले, तर ते उचलेनात. शेवटी शटर ओढलं आणि स्कूटर वलगावच्या रस्त्याला घातली.

गजाननराव वावरात होते. बनियनवर, हातात फावडं, फुलकोबीला पाणी फिरवत होते. शर्ट निंबाला टांगलेला, फोन शर्टाच्या खिशात. मी दम न खाता सगळं सांगितलं, व्हिडिओचं सोडून. ते ऐकत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "येईल ते घरी. बाजार करनारी बाई हाये." आणि शर्टाकडं जाता जाता, मला बरं वाटावं म्हणून की काय, पुढं सांगितलं, "आज त्या फसवनाऱ्यायचे बी दोन फोन आले. बाहेर देशातला नंबर होता. तुमी सांगतलं तसं दोन्ही खेप कापला, अन् फोनच ठेवून देल्ला झाडाले."

मी त्यांच्या आधी शर्टाकडं धावलो.

हे मीच शिकवलं होतं. कुसुमबाई निघायच्या आधी गजाननराव एकदा त्यांच्यासोबत आले होते. फोनवरून लोकांना कसं फसवतात हे मी त्यांना रंगवून सांगितलं, आणि वर बजावलं की अधिकचं चिन्ह आणि अनोळखी आकडे दिसले की उचलायचाच नाही, सरळ कापायचा. बायको परदेशी निघालेल्या माणसाला मी हे सांगत होतो. मुलीचा नंबर नावासकट भरून दिलेला आहे, तिकडून दुसरं कोण फोन करणार, असा माझा हिशेब.

फोन पाहिला. माझे चार, आणि त्याच परक्या नंबराचे दोन कापलेले, एक तसाच वाजून गेलेला. सुरुवातीचे आकडे जर्मनीचे. आमच्या रिचार्जमध्ये परदेशात उलटा फोन लागत नाही, पण या धंद्यात एवढं तर शिकलो आहे. मी तो नंबर फोनमध्ये भरला आणि मेसेजच्या ॲपमध्ये पाहिलं. तिथं त्या नंबराचा फोटो होता. एक म्हातारा गोरा माणूस, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत आपल्याच वाफ्यातली पानकोबी. मी व्हिडिओ लावला. बांधावर उभं राहून, चिखलात.

उचलला तो कुसुमबाईंनीच. मागं ती झोपडी, बाबागाडीत ईरा सफरचंद चावत बसलेली. म्हातारा बाजूला उभा राहून आमच्याकडं हात हलवत होता.

झालं होतं ते असं. फोन मेल्यावर बाई काही पळत सुटल्या नाहीत. जो पहिला माणूस वाफ्यात वाकलेला दिसला त्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बागेत वीज नव्हती, त्यामुळं फोन काही जिवंत होईना. पण म्हाताऱ्याच्या खिशातही तसलाच फोन, आणि त्यातही भाषांतराचं ॲप. त्यानं तो बाईंच्या तोंडापुढं धरला. बाईंना मुलीचा नंबर पाठ नव्हता, नवऱ्याचा होता. बाजारात गिऱ्हाइकांना रोज तोच सांगायच्या, उद्याच्या भाजीसाठी. त्यांनी वलगावच्या वावरातला नंबर म्हणून दाखवला, इंडिया म्हणाल्या, फोननं ते आकडे त्याच्या भाषेत करून दिले, आणि त्यानं फोन लावला. असलं काही घडावं म्हणून मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवत आलो. घडलं ते माझ्याशिवाय घडलं.

गजाननरावांच्या फोनमध्ये पापड-कुरड्यांचं पार्सल पाठवताना रूपालीनं दिलेला पत्ता होता. मी तो म्हाताऱ्याला पाठवला. त्यानं वाचला, मान हलवली, हातानं दाखवलं की जवळच आहे, मी पोचवून येतो. बाई म्हणाल्या, पोरीला मी स्वतःच सांगते रात्री, चोरून ठेवण्यासारखं काही केलं नाही. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, या भल्या माणसाच्या कोबीला अळी आहे, मी त्याला राख टाकायला सांगितली, फोननं बरोबर सांगितलं का देव जाणे.

गजाननराव हसले. मग विचारलं, "घाबरली होती काय?"

"फोन बंद पडला तवा नाई घाबरली," बाई म्हणाल्या. "यानं तुमचा नंबर लावला अन् तुमी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्या खेपेले कोनी उचलेच ना. तुमी माह्या फोन कवाच कापत नाई. मले वाटलं, तिकडं तुमालेच काई झालं. तवा घाबरली. लेकरासमोर रडता येईना, म्हनून त्या वाफ्यातलं गवत उपटत बसली."

दांडातलं पाणी भलत्याच वाफ्यात चाललं होतं, तिकडं गजाननरावांचं लक्ष नव्हतं. मी त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवायला हवं होतं. नुसती मान वळवली असती तरी बाईंना कळलं असतं.

"माह्यं चुकलं," ते म्हणाले. "हात मातीत होते. चुकून कापला गेला."

मी तोंड उघडलं नाही. स्कूटरला किक मारून परत आलो.

आता कोणी परदेशी निघालं की पत्ता आणि दोन नंबर मी स्वतः कागदावर लिहितो, प्लॅस्टिकमध्ये घालतो आणि बाईंच्या पिशवीत गेलेलं डोळ्यांनी पाहतो. घरी राहणाऱ्यालाही बोलावून घेतो. त्याला सांगतो, तुमचं माणूस तिकडं असेपर्यंत प्रत्येक फोन उचला, भामट्याचा असला तरी. एक अक्षर सांगू नका, पण उचला.

कुसुमबाई परत आल्या त्याला वर्ष होईल. त्यांनी माझ्यासाठी चॉकलेटं आणली, बाजारात चार जणींना सांगितलं की भाऊंनी शिकवलं म्हणून मी निभावले. दुसऱ्या पाळीला अकोल्याच्या विहीणबाई गेल्या, त्यांचाही फोन माझ्याकडूनच तयार करून नेला. दर वेळी खरं काय ते सांगेन म्हणतो, आणि दर वेळी बाई आधी माझं कौतुक सुरू करतात. तो फोन गजाननरावांच्या हातून चुकून कापला गेला, असंच त्या आजही समजतात.

हे ज्यात छापून येणार आहे तो अंक निघाला की मी वलगावला नेऊन देणार आहे. गजाननराव समोर असतील अशी वेळ पाहीन. बाईंना एवढं बारीक अक्षर लावता येत नाही. त्या म्हणतील, भाऊ, तुमीच वाचून दाखवा. मग इथपर्यंत मला मोठ्यानं वाचावं लागेल.